दादासाठी प्रार्थना

शनिवारी अकराला सगळ्यांनी जमायचं, असं आत्यानं फोनवरून ठरवून टाकलं होतं. आत्यानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं, ही घरातली जुनी रीत. ताईनं हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर अर्धी रजा टाकली, बरोबरच्या मुलीकडे किल्ल्या दिल्या आणि ती माहेरी पोचली, तेव्हा खालच्या सुतारखान्याचं दार बंद होतं. शनिवारी सकाळी ते दार बंद असलेलं तिनं बाबा गेले त्या आठवड्यानंतर पाहिलं नव्हतं.

जिना चढतानाच वरून आत्याचा आवाज आला.

"सात आठवडे माणूस गुडघे टेकत नाही, आणि मला कधी कळतं? काल."

"मला वाटलं, दमलेत," वहिनी म्हणत होती.

"दमलेला माणूस झोपतो. देवाला पाठ दाखवत नाही."

ताई आत गेली. आत्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर तेलाची छोटी बाटली, घडी केलेला पांढरा रुमाल, आणि पानापानावर खुणा केलेलं तिचं जाडजूड पवित्र शास्त्र. आई खिडकीपाशी आपल्या खुर्चीत. दादा कुठेच दिसत नव्हता.

"आतल्या खोलीत आहे," ताईनं विचारायच्या आत आई म्हणाली. "तू आधी चहा घे."

स्वयंपाकघरात वहिनी कप पुसत होती. कप कोरडाच होता.

"नेमकं काय होतंय त्याला?" ताईनं हळू आवाजात विचारलं.

"गुडघे टेकले की कुणीतरी मानेवर हात ठेवून खाली दाबतंय असं वाटतं, म्हणतात. प्रभूचं नाव घ्यायला जातात आणि घसा कोरडा पडतो. परवा मला म्हणाले, माझ्यावर काहीतरी बसलंय."

"जेवतो का?"

"दोन घास. सूप केलं तर वाटीतच निवतं. रंध्याला हात लावला नाही महिनाभर. शाळेचे बाक अर्धे पडलेत तसेच."

"वहिनी, हा आजार आहे. आमच्याकडे रोज येतात अशी माणसं. मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय."

"आत्यांसमोर नका बोलू. त्या म्हणतात, शत्रूचा हल्ला आहे, सैतानाचा."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

वहिनीनं पुसलेला कप उचलून पुन्हा पुसायला घेतला. "मला काहीच वाटेनासं झालंय," ती म्हणाली. ताईकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

हे ताईला खटकलं. आणखीही एक गोष्ट खटकत होती. दोन घरं पलीकडच्या शिवणवाल्या बाईंची मुलगी गेली, त्यालाही आता सात आठवडे होत आले होते. तो हिशेब ताईनं गेल्या काही दिवसांत बऱ्याचदा मनात आणला होता आणि दरवेळी तसाच बाहेर उभा ठेवला होता.

जिन्यावर जड पावलं वाजली. धाकटा आला. शाळेच्या बसवरच्या चालकाचा निळा शर्ट अंगात तसाच होता. चार वर्षांनी तो या घराचा उंबरा ओलांडत होता. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात दादा म्हणत होता, घरीच प्रार्थना करू. धाकट्यानं बाबांना उचलून हॉस्पिटलात नेलं. नवव्या दिवशी बाबा गेले. दफन आटोपल्यावर, माती अजून ओली असताना, दादा म्हणाला होता, "नऊ दिवस त्यांना मशीनला बांधून ठेवलंस तू." त्यानंतर दोघे भाऊ बोलले नव्हते.

आईनं त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"आलास? बूट बाहेर काढ. तुझ्या वहिनीनं आत्ताच फरशी पुसलीय."

चार वर्षांचं स्वागत एवढ्यावरच आटोपलं.

*

मधल्या खोलीत खुर्ची ठेवली आणि दादाला बोलावलं. तो आला तेव्हा वहिनीला आपलाच नवरा परका वाटला. हा माणूस वीस वर्षं दर गुरुवारी खालच्या सुतारखान्यात भुसा झाडून, बाक मांडून प्रार्थना चालवत आला होता. आजोबांनी चार माणसांवर सुरू केलेली ती सभा यानं चाळिसांवर नेली. शेजारपाजारी कुणाचं पोर तापानं फणफणलं, कुणाच्या घरात भांडण हातघाईवर आलं, की याला बोलावणं यायचं. याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. गेले सात गुरुवार सभा कशीबशी दुसऱ्याच कुणीतरी चालवली होती, आणि हा वरच्या मजल्यावर कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बस," आत्या म्हणाली. तो बसला.

आत्यानं बोट तेलात बुडवून त्याच्या कपाळाला लावलं, उजवा हात डोक्यावर ठेवला. "सगळ्यांनी हात ठेवा."

वहिनीनं एका खांद्यावर हात ठेवला, ताईनं दुसऱ्या. धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आई जागची हलली नाही.

आत्याची प्रार्थना म्हणजे उतारावर सोडलेली गाडी. "प्रभू, तुझ्या सेवकावर शत्रूनं घाला घातलाय. या माणसानं किती घरांत दिवा लावला, किती आजाऱ्यांना तुझ्या नावानं उभं केलं, ते तुला ठाऊक आहे. त्या फिट येणाऱ्या मुलीवर यानं हात ठेवला आणि तू तिला..."

आत्याला बहुधा ते नकळत सुटलं. प्रभूनं कुणाकुणाला बरं केलं याच्या साक्षी वर्षानुवर्षं सांगून जीभ त्याच वळणावर गेली. ती थांबली, पण उशीर झाला होता. वहिनीच्या हाताखाली दादाचा खांदा थरथरायला लागला. आधी तिला वाटलं, तो रडतोय.

"हात काढा," दादा म्हणाला.

"बंधनं तुटताना असंच होतं. सोडू नका कुणी," आत्या म्हणाली.

"आत्या, हात काढ."

तो उठला तशी खुर्ची मागे कोसळली. कुणाकडे न बघता तो दारातून बाहेर पडला, जिना उतरला. खाली सुतारखान्याचं दार उघडल्याचा आणि पुन्हा लागल्याचा आवाज आला.

"पाहिलंत?" आत्या धापा टाकत म्हणाली. "त्याला नाव सहन झालं नाही."

"त्याला हात सहन झाले नाहीत," ताई म्हणाली. "तो आजारी आहे, आत्या. त्याला डॉक्टरकडे न्यायचं सोडून तुम्ही त्याच्या डोक्यावर ओरडताय."

"तुझ्या गोळ्यांच्या खिडकीतून आत्मा दिसत नाही, बाई."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा."

दोघी वहिनीकडे बघायला लागल्या. वहिनी पडलेली खुर्ची उचलण्यात गुंतली. "आत्या म्हणतात तसं करू," ती म्हणाली. "तीन दिवस उपास धरू." डॉक्टर म्हणजे प्रश्न, आणि प्रश्नांची तिला भीती वाटत होती.

आई इतका वेळ खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होती. ती म्हणाली, "धाकट्या, तू जा खाली."

"मी? मी जाऊन काय करू? मला प्रार्थना येत नाही, तुला माहितेय."

"म्हणूनच जा."

*

सुतारखान्यात लाकडाचा आणि सरसाचा वास तसाच होता. शाळेचे अर्धवट बाक भिंतीशी रांगेनं उभे होते. पाठी बसवलेल्या, फळ्या बसवायच्या राहिलेल्या. दादा कामाच्या टेबलाखाली जमिनीवर बसला होता, भुशात, दोन्ही हात गुडघ्यांभोवती घालून. बावन्न वर्षांचा माणूस. धाकट्यानं एक बाक ओढला, तो डुगडुगला, म्हणून तोही खालीच बसला.



"मला काही म्हणायचं नाहीये," धाकटा म्हणाला. "मी नुसता बसतो."

"तुला मी आवडत नाही ना?"

"आज नको तो विषय."

"म्हणून तुला सांगता येईल," दादा म्हणाला. "वरच्यांना मी आवडतो. त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही."

धाकट्यानं मान हलवली.

"शिवणवाल्या बाईंची मुलगी. लहानपणापासून फिट यायची तिला. मी गुरुवारी तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. दोन महिने एकही झटका आला नाही. मग मी सभेत उभा राहून सांगितलं, प्रभूनं हिला सोडवलंय. लोक रडले. मीही रडलो." तो थांबला. "सभा सुटल्यावर बाईंनी मला या दाराशी गाठलं. म्हणाल्या, दादा, गोळ्या चालू ठेवू ना? मी म्हणालो, विश्वासाला कुबड्या कशाला?"

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"बंद करा असं मी म्हटलं नाही," दादा म्हणाला. "सात आठवडे मी स्वतःला हेच सांगतोय. बंद करा असं काही मी म्हटलं नाही."

"पण बाईंनी बंद केल्या."

"केल्या. आणि त्या सकाळी मलाच बोलवायला आल्या धावत. मुलगी आंघोळीला गेली होती, आतून कडी, हाका मारून उत्तर नाही. मी स्क्रू ड्रायव्हर आणि पटाशी घेऊन गेलो. तीन बिजागऱ्या होत्या. एकेक स्क्रू काढला. घाईत एकाचं डोकं खराब झालं, तो पटाशीनं उखडला. दार बाजूला केलं आणि आत..." त्यानं तळहातानं तोंड झाकलं. मग हात काढून पुढे म्हणाला, "सोळा वर्षांची होती. पाणी चालूच होतं."

धाकटा भुशातून सरकत त्याच्या जवळ आला.

"दफनाच्या वेळी प्रार्थना कुणी केली माहितेय? मी. बाई समोर उभ्या, आणि मी म्हणतोय, प्रभूची योजना आपल्याला कळत नाही. ते म्हणून झालं, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद आहे. लोक आता बाईंनाच नावं ठेवतात. शिवणाच्या नादात पोरीला गोळ्या द्यायला विसरली म्हणे. मी ऐकतो. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर. आणि बाई कुणाला एक अक्षर बोलत नाहीत."

आपल्याला राग येईल असं धाकट्याला वाटलं होतं. चार वर्षं त्यानं तो जपून ठेवला होता. पण समोर भुशात बसलेल्या माणसावर तो टाकायला जागाच दिसेना.

"बाबांच्या वेळी तू बरोबर होतास," दादा म्हणाला.

"बाबा तरीही गेले," धाकटा म्हणाला. "ते राहू दे. वर चल. आईला सांग."

"आईला कसं सांगू?"

"मला सांगितलंस तसं."

*

आईनं ते सगळं हात मांडीवर ठेवून ऐकलं. मध्ये एकदाही तिनं त्याला थांबवलं नाही. तो बोलून खाली बसला तेव्हा तिच्या मनात आधी त्याचा नाही, त्या बाईचाच विचार आला. दोन घरं पलीकडे मशीन चालवत बसलेली बाई. तिच्याशी आपण गेल्या महिन्यात काय बोललो? हवा गार झालीय, एवढंच.

सगळ्यांत आधी आत्या बोलली. आवाज खाली आला होता.

"हे या भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. तुझ्या आजोबांनी चार माणसांवर ही सभा उभी केली. तू चुकलास, प्रभूपुढे कबूल कर, तो क्षमा करेल. पण चारचौघांत सांगितलंस तर सभा मोडेल. लोकांचा विश्वास जाईल."

"आत्या बरोबर म्हणतात," ताई म्हणाली, आणि सगळ्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तासाभरापूर्वी ती आत्याशी भांडत होती. "निदान घाई नको. उद्या कुणी तक्रार केली, चौकशी लागली तर? दादा, तू आधी बरा हो. मग बघू."

"तू म्हणतेस हे?" धाकट्यानं विचारलं. "तू औषधं देतेस ना लोकांना?"

ताईचा चेहरा उतरला. "देते. तिचंही कार्ड दर महिन्याला माझ्याच खिडकीवर यायचं. मग तीन महिने आलं नाही. मला दिसलं होतं. दोनदा मनात आलं, जाऊन विचारावं. म्हटलं, त्यानं सभेत सांगितलंय, आता दादाशी कोण वाद घालणार." ती खुर्चीवर बसली. "एक फोन करायचा होता फक्त."

मग वहिनी बोलली. सकाळपासून ती पदराआड लपल्यासारखी वावरत होती. आता ती सरळ उभी राहिली.

"मी चहाचा ट्रे घेऊन मागेच होते तेव्हा. बाईंनी विचारलं तेही ऐकलं आणि यांचं उत्तरही ऐकलं. पुढे ती मुलगी गेली. मी वाट बघत राहिले की हे आपणहून बोलतील. हे बोलले नाहीत, मीही नाही. आता मला त्या घरावरून जाता येत नाही, मागच्या गल्लीनं फिरून जाते." ती दादाकडे वळली. "अहो, सांगा त्यांना. सभा मोडली तर मोडू दे."

आत्यानं तेलाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "मी आमच्या चर्चच्या मंडळीत उभं राहून साक्ष दिली होती तिची," ती म्हणाली. "साठ माणसांपुढे."

दादा आईकडे बघत होता. "आत्या म्हणते सैतान बसलाय. आई, तो सैतान नाही. ते माझंच बोलणं आहे."

"सैतान स्वतःचं काही आणत नाही," आत्या हळूच म्हणाली. "आपल्याच बोलण्यावर बसतो तो." आणि यावर मात्र कुणी तिच्याशी वाद घातला नाही.

"प्रभूनं मला टाकलंय," दादा म्हणाला.

"टाकलेल्याला इतकं टोचत नाही," आई म्हणाली. "टोचतंय, म्हणजे कुणीतरी अजून तुला धरून आहे. इकडे ये."

तो तिच्या खुर्चीपाशी जाऊन जमिनीवर बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्याचा हात आपल्या हातात घेतला. वर्षानुवर्षं रंधा धरून घट्टे पडलेला हात, आता महिन्याभरात मऊ पडत चाललेला.

"तुला प्रार्थना करता येत नाही ना? नको करूस. तुझ्या वाटणीची आम्ही करू. शाळेत असताना तुला ताप आला की तुझ्या वाटणीच्या वह्या ताई उतरवून काढायची. अक्षर ओळखून मास्तर दोघांनाही ओरडायचे. देव नाही ओरडणार."

ताई रडता रडता हसली.

आईनं डोळे मिटले. तिची प्रार्थना बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तशी असायची.

"प्रभू, हा माझा मोठा मुलगा. यानं चूक केलीय आणि ती भरून येणारी नाही. एक पोर गेली. याचं ओझं काढून टाक असं मी मागत नाही, ते याचंच आहे. ते घेऊन चालायला याला बळ दे. शत्रू याला सांगतोय, तोंड लपव. तू याला सांग, ये. याचे पाय त्या दारापर्यंत ने. आणि त्या आईला धर. तिच्यासाठी काय मागावं ते मला कळत नाही. तुला कळत असेल, ते तू कर. आमेन."

"आमेन," आत्या म्हणाली. सगळ्यांच्या नंतर दाराशी उभा असलेला धाकटाही म्हणाला, पण ते त्याच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

आईनं डोळे उघडले. "आणि सोमवारी ताईबरोबर डॉक्टरकडे जायचं. प्रार्थना केली म्हणून डॉक्टर नको, असं या घरात पुन्हा कुणी म्हणणार नाही. ऐकलंस, वन्सं?"

आत्यानं मान डोलावली.

*

दुपारी तीनला दोघे भाऊ निघाले. दोन घरं जायला दादाला पाच मिनिटं लागली. धाकटा मागे राहिला नाही, पुढेही गेला नाही.

शिवणवाल्या बाईंचं दार उघडंच होतं. खोलीत शाळेच्या शर्टांचा ढीग, कॉलर एकीकडे, बाह्या दुसरीकडे. बाई मशीनवर होत्या. त्यांनी वर पाहिलं, दोघांना ओळखलं, आणि हातातली शिवण शेवटपर्यंत मारली. मग दोरा तोडला.

"बसा" त्या म्हणाल्या नाहीत. दादानं उभ्यानंच सांगितलं. सुतारखान्यातल्यापेक्षा थोडक्यात. आवाज मध्येच गेला तेव्हा तो थांबला, आणि बाई थांबून राहिल्या.

"मला माहीतच आहे हे," त्या म्हणाल्या. "मीच होते ना तिथे."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत."

"कुणी ऐकलं असतं? चाळीस माणसं तुमच्या पाठीशी. आणि गोळ्यांची डबी तर मीच उचलून कपाटावर ठेवली. तुम्ही नाही." त्यांनी मांडीवरचा शर्ट झटकला. "क्षमा मागायला आलात?"

"मागायची हिंमत नाही."

"बरं झालं. आज माझ्याकडे क्षमा नाही. पुढे असेल का, सांगता येत नाही."

दादानं मान खाली घातली.

"एक करा," बाई म्हणाल्या. "जिथे उभं राहून ती बरी झाली म्हणालात ना, तिथेच उभे राहा आणि हे सांगा. परवा बटणं आणायला गेले. मला बघून दोघीजणी बोलायच्या थांबल्या. माझी पोर मी विसरले म्हणतात. मी विसरले?"

"नाही."

"मग सांगा त्यांना."

"गुरुवारी सांगतो. तुम्ही याल?"

"बघते. हे शर्ट बुधवारपर्यंत द्यायचेत."

बाहेर आल्यावर दादा भिंतीला धरून थोडा वेळ उभा राहिला. मान अजून तशीच जड होती. आपल्याला हलकं वाटेल असं त्याला आतून कुठेतरी वाटलं होतं, तसं काही झालं नाही. फक्त पाय चालत होते.

"बरा आहेस?" धाकट्यानं विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "चल."

*

सोमवारी ताई त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या मिळाल्या, त्या त्यानं मुकाट्यानं घेतल्या. बुधवारी धाकटा बस लावून आला आणि दोघांनी मिळून सहा बाकांच्या फळ्या ठोकल्या. गुरुवारी सहाला सुतारखाना भरला. दादा पुन्हा येणार अशी बातमी होती, म्हणून नेहमीपेक्षा जास्तच माणसं आली. आत्या पहिल्या बाकावर ताठ बसली होती, शेजारी आई. वहिनी दाराजवळ होती, म्हणून शिवणवाल्या बाई आल्या ते तिला सगळ्यांच्या आधी दिसलं. तिनं बाकावर जागा केली. बाई बसल्या नाहीत.

दादा उभा राहिला. गीत नाही, वाचन नाही. त्यानं सगळं सांगितलं, गोळ्यांचं, कुबड्यांचं, दफनाच्या वेळच्या प्रार्थनेचं. "बाई विसरल्या नाहीत," तो म्हणाला. "त्यांनी मला विचारलं, आणि मी त्यांना वाकड्या वाटेला लावलं. हे तुम्ही बाहेर जाऊन तसंच सांगा, ती बरी झाली म्हणून सांगितलंत तसं."



"एक राहिलं," दारातून बाई म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या.

"मी दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा तिचा हात थरथरायला लागला होता, तेव्हा. रस्त्यात थांबवून विचारलं होतं."

वहिनीनं दादाकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. धाकट्यालाही नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दादाचा रंग उडाला. वहिनीला वाटलं, आता हा खाली बसेल.

"हो," दादा म्हणाला. "दोनदा. दुसऱ्यांदा मी म्हणालो, शंका घेऊ नका."

मागच्या बाकावरचं एक जोडपं उठलं आणि बाईंच्या शेजारून निघून गेलं. मग आणखी एक कुटुंब गेलं, मग तिघी बहिणी. कुणी भांडलं नाही. दोनतीन बाक रिकामे झाले. त्यातली निम्मी माणसं पुढेही कधी परत आली नाहीत. आत्या हलली नाही.

"आता प्रार्थना," आई म्हणाली.

कोण करणार ते तिनं सांगितलं नाही. उरलेल्या लोकांनी डोळे मिटले. वहिनीनं मिटले नाहीत. दादा गुडघ्यांवर खाली गेला, हळूहळू, टेबलाची कड धरून. तोंड उघडलं, मिटलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या तिला दिसत होत्या. बाई दारातच उभ्या होत्या, हात छातीशी घट्ट बांधून, त्याच्याकडे बघत.

"प्रभू," दादा म्हणाला. आवाज इतका लहान की पहिल्या बाकापर्यंतच पोचला असेल. "मुलीला... तुझ्याजवळ..."

पुढचं आलं नाही. प्रार्थना संपली, की मध्येच थांबली, हे कुणालाच कळेना. आमेन म्हणावं की नाही, तेही कळेना. म्हणून कितीतरी वेळ कुणी डोळे उघडले नाहीत, आणि दारातल्या बाईही गेल्या नाहीत.